केलड्याची भावकी

२०२१ चा एप्रिल, काजूचा हंगाम ऐन भरात, आणि वहिनीचा फोन. वहिनी आमच्या गावची आशा सेविका, दोडामार्ग तालुक्यात. "वन्सं, कोविशिल्डचो कागद सगळो इंग्रजीत आसा. सोप्या मराठीत लिवन दिया, ग्रुपवर टाकतंय." मी पुण्यात बसून पोटासाठी हेच करते, औषधांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं. म्हटलं, अर्ध्या तासात पाठवते.

पहिल्याच ओळीत अडले. लशीत काय आहे, तर 'पुनरुत्पादन न करू शकणारा, जनुकीय बदल केलेला चिंपँझी अ‍ॅडिनोव्हायरस वाहक'. त्याखालची ओळ सांगत होती, हा विषाणू मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या पेशींत वाढवला आहे. पुढे मात्र सगळा किराणा: हिस्टिडिन, मॅग्नेशियम क्लोराइड, पॉलिसॉर्बेट ८०, चिमूटभर इथेनॉल, साखर, मीठ, पाणी. साखरमीठ लिहायला कुणाची हरकत नव्हती. प्रश्न वरच्या दोन ओळींचा.

त्यातला 'वाहक' हा शब्द तर आधीच बाद. आमच्याकडे वाहक म्हणजे एसटीतला कंडक्टर, खिडकीवर पाटीच असते. इथे वाहक म्हणजे अख्खी गाडी. पण खरी अडचण चिंपँझीची होती. चिंपँझी म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर वहिनी काय सांगणार? मोठो केलडो, म्हणजे माकड. आणि आमच्या भागात विषाणू आणि केलडो हे दोन शब्द एका ओळीत लिहिणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला पटकन कळायचं नाही.

२०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला आणि पुढच्या वर्षी बांद्याकडे पसरला. पलीकडे गोव्यात, सत्तरीत, तो आधीच पोचला होता. काजूच्या बागेत माकडं मरून पडायची. काजू गोळा करायला पालापाचोळ्यात वाकणाऱ्या बायकांना ताप यायचा, डोकं फुटायची वेळ, मग कुणाकुणाला रक्तस्राव. माणसं गेली. खरं तर आजार पसरवते ती गोचीड. तिच्यापुढे माकड बिचारं आपल्यासारखंच, किंबहुना आपल्याआधी मरणारं. पण नाव पडलं ते माकडताप. मेलेला केलडा दिसला तर हात लावू नका, कळवा, बागेत जाताना अंगाला हे तेल चोळा, हे सगळं सांगत वहिनी दोन-तीन हंगाम घरोघर फिरली होती. त्याच वहिनीने आता सांगायचं, की या सुईत माकडाचा विषाणू आहे, घ्या?

मी त्या ओळीत 'एक निरुपद्रवी केलेला सर्दीचा विषाणू' असं लिहिलं आणि पाठवून दिलं. एक अक्षरही खोटं नाही. अ‍ॅडिनोव्हायरस हा सर्दीपडशाचाच विषाणू, आणि तो निरुपद्रवी केलेलाच होता. फक्त कोणाच्या सर्दीचा, एवढं मी गाळलं.

तो गाळलेला शब्द पुढे बराच काळ माझ्या मागे लागला. कारण गंमत अशी की त्या लशीत महत्त्वाचं जे काही होतं ते नेमकं त्याच शब्दात होतं.

अ‍ॅडिनोव्हायरस दिसायला देखणा असतो. वीस बाजूंचं कवच, बारा कोपरे, प्रत्येक कोपऱ्यातून निघालेला एक दांडा आणि दांड्याच्या टोकाला गोंडा. तो गोंडा आपल्या पेशीवरच्या एका प्रथिनाला अडकतो, आणि विषाणू आत शिरतो. आत गेला की स्वतःचा डीएनए केंद्रकात सोडतो. शास्त्रज्ञांना हवं होतं एवढंच: आत शिरण्याची कला. मग त्याचं ई-१ नावाचं जनुक काढून टाकायचं, म्हणजे त्याला पिलावळ वाढवता येत नाही, आणि त्या रिकाम्या जागी आपल्याला हवं ते जनुक बसवायचं. कोविशिल्डमध्ये ते होतं कोरोनाच्या अंगावरच्या काट्याचं, म्हणजे स्पाइक प्रथिनाचं. पेशी तो काटा बनवते, शरीर त्याला बघून घेतं.

यासाठी माणसाचाच अ‍ॅडिनोव्हायरस का नाही वापरायचा? वापरला. पाच नंबरचा, एडी-५, हा या कामातला जुना घोडा. पण तो लहानपणीच बहुतेकांना होऊन गेलेला असतो. आफ्रिकेत आणि आशियात तर मोठ्या माणसांपैकी बहुतेकांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं तयारच असतात. लस टोचली की शरीर म्हणतं, हा तर आपला जुना उपद्व्यापी, आणि उंबऱ्यावरच त्याचा निकाल लावतं. आतलं सामान पोचतच नाही. एडी-५ वर बसवलेली मर्क या औषध कंपनीची एचआयव्ही लस २००७ च्या सप्टेंबरमध्ये थांबवावी लागली, तेव्हा त्याहून वाईट दिसलं होतं. लस निरुपयोगी तर ठरलीच, शिवाय ज्या पुरुषांना एडी-५ आधीच होऊन गेला होता त्यांच्यातल्या काहींमध्ये लस घेणाऱ्यांना एचआयव्हीची लागण जास्त झालेली आढळली.

तेव्हा असा विषाणू हवा, की जो आपल्या पेशीत शिरू शकेल इतका आपल्या जवळचा आहे, पण ज्याला आपलं शरीर ओळखत नाही इतका लांबचा. मराठीत याला सरळ शब्द आहे. भावकी. एका मूळपुरुषाची शाखा, कधीकाळी गाव सोडून गेलेली. घराची बांधणी त्याला ठाऊक, मागच्या दाराची कडी कशी निघते तेही ठाऊक. पण आता ओसरीवर उभा राहिला तर घरातलं कुणी त्याला नावाने हाक मारणार नाही आणि हाकलणारही नाही. चिंपँझी आणि आपण वेगळे झालो त्याला साठ-सत्तर लाख वर्षं झाली असावीत. विषाणूंच्या हिशेबात हे अंतर नेमकं सोयीचं.

चिंपँझींचे असे विषाणू त्यांच्या विष्ठेत सापडतात. एका इटालियन कंपनीने आपल्या साथीदारांबरोबर हजारावर नमुने असे गोळा केले होते, आणि त्यांतूनच पुढे इबोलाच्या लशीचा एक वाहक निघाला. ऑक्सफर्डच्या जेनर इन्स्टिट्यूटने वाय-२५ नावाचा एक चिंपँझी अ‍ॅडिनोव्हायरस घेतला, त्याची काटछाट केली, आणि २०१२ मध्ये ती गाडी जगाला दाखवली. नाव ठेवलं सीएचएडीओएक्स-१: चिंपँझी, अ‍ॅडिनो, ऑक्सफर्ड, एक. सारा गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मर्स या कोरोनाच्याच कुळातल्या आजारासाठी माणसांत चालवूनही पाहिली होती. म्हणून ११ जानेवारी २०२० ला चीनमधून कोरोनाची जनुकीय लिपी जाहीर झाली आणि २३ एप्रिलला पहिल्या स्वयंसेवकाच्या दंडात सुई गेली. लोक म्हणाले, घाई केली. गाडी आठ वर्षं तयार होती, सामान तेवढं नवं होतं.

रशियात त्या वर्षी या लशीला 'माकडाची लस' म्हणून हिणवण्याचा रीतसर उद्योग चालला होता. त्यांच्या स्पुटनिकमध्ये माणसांचेच दोन अ‍ॅडिनोव्हायरस होते, पहिल्या मात्रेत २६ नंबरचा, दुसरीत ५ नंबरचा. त्यातली दोन वेगवेगळे घेण्याची कल्पना मात्र हुशारीची, हे कबूल करायला हवं. कारण एकदा येऊन गेलेला पाहुणा घरच्यांच्या लक्षात राहतो. दुसऱ्या मात्रेला तोच विषाणू आला तर भावकी असो की परका, शरीर त्याला अडवायला बघतं. कोविशिल्डच्या दोन मात्रांमधलं अंतर आपल्याकडे आधी चार ते सहा आठवडे होतं, मग सहा ते आठ, मग मे महिन्यात एकदम बारा ते सोळा झालं. लस कमी पडली म्हणून लांबवलं, असं तेव्हा आम्ही सगळेच म्हणालो, आणि तुटवडा होताच. पण अंतर वाढवल्यावर या लशीचा परिणाम वाढतो हे चाचण्यांतही दिसलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे त्या दिवसांत फारसं कुणी ऐकून घेत नसे.

पत्रकातल्या दुसऱ्या ओळीकडे येते. ती मी अर्थातच अख्खी गाळली होती.

ई-१ काढलेला विषाणू स्वतःहून वाढत नाही. मग कोट्यवधी मात्रांसाठी तो वाढवायचा कुठे? ज्या पेशींत ई-१ आधीच बसवलेलं आहे अशा पेशींत. या पेशी म्हणजे हेक-२९३. १९७३ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये फ्रँक ग्रॅहम या संशोधकाने एका भ्रूणाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत अ‍ॅडिनोव्हायरसचा तुकडा घुसवला. वहीतला तो २९३ वा प्रयोग, म्हणून नाव २९३. त्या पेशींची वंशावळ आजही जगभर टाक्यांमधून वाढते आहे, पुण्याजवळ मांजरी गावात सीरम इन्स्टिट्यूटच्या टाक्यांमध्येही वाढली.

म्हणजे माकडाचा विषाणू, माणसाच्या मूत्रपिंडात. हे वाचताना मी थांबले, कारण याच्या बरोब्बर उलटी गोष्ट मला ठाऊक होती. पन्नासच्या दशकात पोलिओची लस आली तेव्हा माणसाचा विषाणू माकडाच्या मूत्रपिंडात वाढवत असत. आणि ती मूत्रपिंडं कुठून जात होती? आपल्याकडून. उत्तर भारतातली लाल तोंडाची ऱ्हीसस माकडं पकडून पिंजऱ्यात भरायची आणि विमानाने अमेरिका-इंग्लंडला रवाना करायची. ऐन जोरात वर्षाला लाखाच्या वर. वाटेतले हाल आणि मृत्यू ऐकून भारत सरकारने १९५५ मध्ये काही काळ निर्यात थांबवली, मग पुन्हा सुरू झाली. कायमची बंद झाली ती थेट १९७८ मध्ये.

त्या मूत्रपिंडांतून लशीबरोबर एक फुकटा प्रवासी गेला. १९६० मध्ये मर्कच्या प्रयोगशाळेत बेन स्वीट आणि मॉरिस हिलमन यांना तो सापडला. माकडांत सापडलेला चाळिसावा विषाणू, म्हणून एसव्ही-४०. त्याच्या थोडं आधी बर्निस एडी ही शास्त्रज्ञ बाई सांगत होती, की ऱ्हीससच्या मूत्रपिंडाच्या अर्काने हॅमस्टरमध्ये गाठी होतात. तिच्या वरिष्ठांनी तिला गप्प बसवलं आणि पुढे लशीच्या कामावरूनच बाजूला केलं. १९५५ ते १९६३ या काळात अमेरिकेत कोट्यवधी लोकांना असा विषाणू असलेली लस टोचली गेली असावी. त्यांच्यावर अनेक वर्षं नजर ठेवली गेली, आणि लोकसंख्येच्या मोठ्या अभ्यासांत कर्करोग वाढल्याचं काही आढळलं नाही. सुटलो, म्हणायचं. पण तिला गप्प केलं तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं.

आता एसव्ही-४० चं पुढे काय झालं, तर त्याचेच तुकडे जनुकशास्त्राच्या हत्यारपेटीत जाऊन बसले. आज प्रयोगशाळेत जनुक चालू करायचं, त्याचा शेवट नीट करायचा, तर एसव्ही-४० चा एखादा तुकडा हमखास वापरतात. फुकट्याला अखेर नोकरी लागली.

अशी आणखी एक नोकरी त्याच कचऱ्यातून निघाली. १९६५ मध्ये पिट्सबर्गला बॉब अ‍ॅचिसन आणि सहकारी माकडाच्या अ‍ॅडिनोव्हायरसचा नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. मोठ्या कणांच्या भोवती बारीक बारीक ठिपके दिसले. भेसळ वाटावी असे. तो होता एएव्ही, अ‍ॅडिनोव्हायरसच्या आधाराने राहणारा विषाणू, पंचवीस नॅनोमीटरचा. एकट्याला वाढताच येत नाही, म्हणून त्याला 'सदोष' म्हटलं गेलं. आंब्याच्या फांदीवरचं बांडगूळ आठवा, तसा. पण बांडगुळात एक गुण निघाला, तो कुणाला आजारी पाडत नाही.

हा गुण महत्त्वाचा का, हे कळायला १९९९ उजाडावं लागलं. फिलाडेल्फियात जेसी गेल्सिंगर नावाचा अठरा वर्षांचा मुलगा स्वतःहून जनुकीय उपचाराच्या चाचणीत दाखल झाला. त्याचा यकृताचा आजार औषधांनी आणि पथ्याने आटोक्यात होता. तो आला होता पुढच्या बाळांसाठी. त्याला एडी-५ वर बसवलेलं जनुक दिलं आणि चार दिवसांनी, १७ सप्टेंबरला, तो गेला. शरीराने विषाणूवर केलेला हल्लाच त्याच्या जिवावर उठला. चाचणीमागच्या संस्थेचे प्रमुख होते जेम्स विल्सन. त्यांच्यावर बरीच वर्षं निर्बंध आले. त्याच विल्सनच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये ऱ्हीसस माकडांच्या ऊतींमधून एएव्ही-७ आणि एएव्ही-८ शोधून काढले. पुन्हा तीच भावकी, आणि पुन्हा ऱ्हीसस. २०११ मध्ये एएव्ही-८ वापरून हिमोफिलिया बी असलेल्या सहा पुरुषांना एकेकच इंजेक्शन दिल्याचं प्रसिद्ध झालं. ज्यांच्या रक्तात गोठवणारा घटक जवळजवळ नव्हता तिथे तो तयार होऊ लागला.

त्याच कुळातल्या एएव्ही-९ ची गोष्ट मुंबईकरांना माहीत आहे, फक्त या नावाने नाही. २०२१ च्या सुरुवातीला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा स्नायू दुबळे करत नेणारा आनुवंशिक आजार झालेल्या एका बाळासाठी सोळा कोटींचं इंजेक्शन हवं, म्हणून लोकांनी पैसे गोळा केले आणि सरकारने आयातीवरचा कर माफ केला. ते सोळा कोटींचं औषध म्हणजे एएव्ही-९ मधून पाठवलेलं एक जनुक. (हा ९ नंबरचा माणसाच्या ऊतीत सापडला, माकडाच्या नाही. शोधणारी प्रयोगशाळा मात्र विल्सनचीच.) त्याच महिन्यांत खासगी रुग्णालयात कोविशिल्डची मात्रा अडीचशे रुपयांना मिळत होती. मूळ युक्ती तीच: विषाणूचं पोट रिकामं करा, जनुक भरा, पाठवा. पण कोविशिल्डच्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये पाच हजार कोटी कण असतात, आणि पाच किलोच्या त्या बाळाला लागतात याच्या अकरा हजार पट. किमतीतला फरक अर्थात एवढ्यानेच पडत नाही. पण माझ्या मनात हे आकडे शेजारी शेजारी बसले ते उठेनात.

आणि ते इंजेक्शन आयुष्यात एकदाच. त्यानंतर शरीर त्या विषाणूला असं ओळखतं की पुन्हा तोच पाठवून उपयोग नाही. कुणाकुणाला तर आधीच प्रतिपिंडं असतात, त्यांच्यासाठी एकदाही दार उघडत नाही. दुसरीकडे, कणांची ही प्रचंड संख्या यकृताला झेपेलच असं नाही. ड्यूशेन या स्नायूंच्या आजारासाठी ऱ्हीससच्याच आरएच-७४ या एएव्हीवर बसवलेला उपचार २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला, आणि २०२५ मध्ये चालता न येणारी दोन मुलं तो घेतल्यावर यकृत निकामी होऊन गेली. पाहुणा ओळखीचा नाही म्हणून निमूट आत घेतला, हे खरं. पण घरात एकदम किती पाहुणे मावतात, यालाही मर्यादा आहे.

आरएच म्हणजे ऱ्हीसस. आपल्या रक्तगटाच्या कार्डावर 'आरएच पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं तेही याच माकडाचं नाव. पाकिटात माकड घेऊन फिरतो आपण सगळे, आणि मला मेली एका ओळीत ते लिहवेना.

२०२४ च्या मे महिन्यात ते सगळं अंगावर आलं. ब्रिटनमधल्या एका खटल्यातली कागदपत्रं गाजली, या लशीने क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात असं कंपनीने मान्य केल्याच्या बातम्या आल्या. नवं काही नव्हतं. मार्च-एप्रिल २०२१ मध्येच युरोपात ते लक्षात आलं होतं. विषाणूचं कवच रक्तातल्या पीएफ-४ या प्रथिनाला चिकटतं, काही थोड्यांच्या शरीरात त्या पीएफ-४ विरुद्धच प्रतिपिंडं तयार होतात आणि मग गुठळ्या. ब्रिटनमध्ये पन्नाशीच्या आतल्यांत साधारण पन्नास हजारांत एक. आपल्या सरकारी समितीने मे २०२१ मध्ये दिलेला आकडा दहा लाख मात्रांमागे ०.६१. जॉन्सन अँड जॉन्सनच्या कोरोना लशीतही तेच झालं, आणि तिचा अ‍ॅडिनोव्हायरस माणसाचा होता. चिंपँझीचा दोष म्हणावा तर तोही नाही. पण गावच्या ग्रुपवर हे कोण वाचणार? तिथे आला तो फॉरवर्ड: 'माकडाचे विष टोचले, आधी सांगितले नाही.'

पहिला भाग धडधडीत खोटा. दुसरा खरा, आणि तो माझा. वहिनीने काही म्हटलं नाही. तिने फक्त तो फॉरवर्ड मला पाठवला आणि खाली काहीच लिहिलं नाही. मी तीन वर्षांपूर्वीच्या माझ्या मजकुराची फाइल उघडली. 'एक निरुपद्रवी केलेला सर्दीचा विषाणू.' वाक्य छान होतं. भाषांतरकाराला अशी वाक्यं जमतात.

त्या मे महिन्यात गावी गेले तेव्हा आई पडवीत काजूच्या बिया वेगळ्या करत बसली होती. समोरच्या फणसावर केलडे होते, आई अधूनमधून त्यांच्या दिशेने एक हाळी देत होती, तेही सवयीने जरा सरकल्यासारखं करत होते. तिने हात न थांबवता विचारलं, "काय गो, त्या इंजेक्शनात केलड्याचा काय होता मां?"

मी सांगितलं. सगळं. चिंपँझी, सर्दी, ई-१ जमेल तसं, काटा, भावकी. भावकीशी ती हसली, आमच्या भावकीचे जमिनीचे दावे अजून चालू आहेत. विष्ठेतून विषाणू काढतात हे ऐकून तिने तोंड वाकडं केलं. मग मी पोलिओचंही सांगितलं, पिंजरे, विमानं, मूत्रपिंडं. ती बराच वेळ बिया निवडत राहिली.

"म्हणजे ह्या टायमाक केलडो मारूक नाय," ती म्हणाली. "तेव्हा मारलेले."

"व्हय."

"मगे आधी सांगलं असतं तर काय झाला असता?"

फणसावरून एक मोठा केलडा उतरला आणि टोपलीपासून चार हातांवर येऊन बसला. आईने बाजूची काठी उचलली, पण उगारली नाही, नुसती मांडीवर आडवी धरून बसली.